मामांचा टीव्ही आणि मोसंबीतल्या पेट्या

९ जानेवारी, शुक्रवार

सं. बातम्या. कुठल्याशा डोंगरावर सहलीला गेलेल्या लोकांच्या मागं माश्या लागल्या. तीच क्लिप फिरून फिरून. लाल गोल, लाल बाण, मागं ढोल. 'मधमाश्यांचा जीवघेणा हल्ला!' आणि कोपऱ्यात फोटो कुणाचा? गांधीलमाशीचा. बारीक कंबर, लटकते पाय. बिचारी मधमाशी बदनाम आणि फोटो भलतीचाच. मी हातात ताट घेऊन टीव्हीशी भांडले. हे म्हणाले, "अगं, त्या बाईला ऐकू येत नाही तुझं."

मनूनं पुण्याहून बजावलंय, आई, रोज लिहिलंस की शेवटी एक आभार लिहीत जा, मन हलकं राहतं. लेकीचं ऐकावं म्हणते. पण आज आभार कुणाचे नाहीत. त्या चॅनेलचे तर नाहीतच.

१० जाने., शनि.

सकाळीच पैठणहून अक्कांचा फोन. थोरल्या जाऊबाई गोड बोलायला लागल्या की मी आधी बसून घेते.

"अगं, मामांनी काल बातम्या बघितल्या."

झालं. सासऱ्यांचं आता वय झालं. सकाळी बांधावर एक चक्कर, मग दिवसभर टीव्हीसमोर. पण शेत अजून त्यांच्याच नावावर, आणि शब्दही त्यांचाच. मोसंबीच्या बागेत माझ्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात त्या त्यांच्याच परवानगीनं. परवानगी म्हणजे काय, थोरल्या दिरांनी, दादांनी, विचारलं तेव्हा मामा "हूं" म्हणाले होते. हो म्हणाले की नाही यावर अजून घरात वाद आहे.

आता मामा म्हणतात, ते डबे उचला.

उद्या जाते.

११ जाने., रवि.

गेलो. बागेचा ताण तोडलाय, पाणी दिलंय. थोड्या दिवसांत बाग फुलेल. वर्षभर ह्या फुलाची वाट बघायची आणि आता...

मामा पलंगावर, रिमोट मांडीवर. मी पाया पडले. आशीर्वाद दिला आणि लगेच सुरू.

"सूनबाई, ते डबे शिवरातीच्या आत हलवायचे. बागेत बाया येतात खुरपायला. उद्या कुणाला काय झालं तर गावाला तोंड मी दाखवायचं."

म्हटलं, मामा, त्या आग्या मोहोळाच्या माश्या. मोठ्या, उघड्यावर पोळं करणाऱ्या, त्यांना कुणी दगड मारला असंल. माझ्या सातेरी, लहान, पेटीत राहणाऱ्या. दोन वर्षांत बागेतल्या एका बाईला तरी चावल्या का? आणि टीव्हीत दाखवला तो फोटो तर गांधीलमाशीचा होता.

"म्हंजी टीव्हीवाल्याला कळत नाय आन तुला कळतं?"

"मामा, खरंच तो..."

"टीव्हीत दाखवलं म्हंजी खोटं हाय का?"

संपलं. या वाक्याच्या पुढं आमच्या घरात कुणी गेलेलं नाही. पावसाचं, सोन्याच्या भावाचं, गुडघ्याच्या तेलाचं, सगळं टीव्हीत दाखवलं म्हणून खरं. दादा म्हणतात माश्या आल्यापासून फळ बरं धरतंय. मला म्हणतात, मामांपुढं नाही म्हणत.

येताना शेजारच्या मळ्यात विचारलं, पेट्या ठेवू देता का. ते हसले. "वहिनी, तुमच्या सासऱ्यालाच नकोत, मग आम्ही कशाला घेऊ?" बरोबरच आहे त्यांचं.

शहरात पुंडलिकनगरच्या आमच्या तीन खोल्यांत मी पेट्या कुठं ठेवू? गॅलरीत वाळवणं घालायला जागा नाही.

१२ जाने., सोम.

झोप लागली नाही नीट. एकच विचार. नाहीच ऐकलं तर पेट्या विकाव्या लागतील. घेणारे आहेत. पण...

आई गेली त्या वर्षी मी पलंगावरून उठत नव्हते. मनूचं लग्न झालेलं, घर रिकामं. दूध उतू गेलं तरी बघत बसायचे. ह्यांनी काही समजावलं नाही, ओरडले नाहीत. एक दिवस स्कूटर काढली आणि त्या मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणाला नेऊन बसवलं. स्वतः शेवटच्या रांगेत बसून पेंगत होते. पहिल्यांदा पेटीतली चौकट उचलली, तिच्यावर हजारो जीव आपापल्या कामात, माझ्याकडं बघायला कुणाला वेळ नाही. मला लई बरं वाटलं. आपण रडतोय तरी जग चालू आहे याचा पहिल्यांदा राग नाही आला.

त्या माश्यांनी मला उठवलं. असं कुणाला सांगितलं तर हसतील. इथं लिहायला काय जातं.

आभार: हे. पेंगल्याबद्दलसुद्धा.

१५ जाने., गुरु.

तिळगूळ संपता संपत नाही. दु. मुद्दाम टीव्ही लावून बसले, शत्रू काय खातो-पितो ते बघावं म्हणून.

मालिका: नायिकेच्या हळदीत खलनायिका मोहोळावर दगड मारते. मोहोळ थर्माकोलचं, वर मध म्हणून काहीतरी चकचकीत ओतलेलं. माश्या कॉम्प्युटरवर काढलेल्या, चिमण्यांएवढ्या. नायक कोट काढून नायिकेवर टाकतो. माश्या कोट बघून परत जातात. शहाण्या आहेत.

कार्टून: कामकरी माशीला मिशा! अरे, काम करणाऱ्या सगळ्या बायका असतात रे बाबांनो. नर नुसते बसून खातात. हे ऐकून हे उठून पाणी प्यायला गेले.

जाहिरात: सोन्याचा चमचा, वरून मधाची धार. ती धार काही तुटत नाही. माझा मध असा पडला असता तर मी तो व्हार्निश म्हणून फर्निचरला लावला असता.

प्राण्यांच्या चॅनेलवर हिंदीत: 'महारानी का हुक्म.' हुकूम कसला. राणी बिचारी दिवसभर अंडी घालते, एका शब्दानं कुणाला बोलत नाही. पण मामा हेच बघतात. त्यांना वाटतं प्रत्येक पेटीत एक म्हातारं बसलंय आणि ते सगळ्यांना कामाला लावतंय.

हे लिहिता लिहिता सुचलं. मामा माझं ऐकणार नाहीत, दादांचं नाही, पुस्तकाचं नाही. टीव्हीचं ऐकतील.

मग माझ्या माश्या टीव्हीत दाखवायच्या.

१६ जाने.

ह्यांना सांगितलं. "तू? टीव्हीत?" असं म्हणाले आणि वर "कुठली साडी नेसशील?" म्हणजे पटलंय.

लोकल चॅनेलवर रविवारी शेतीचा कार्यक्रम असतो. मामा चुकवत नाहीत. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचा मेव्हणा तिथं आहे. नंबर मिळाला. दिग्दर्शक. फोनवरच म्हणाले, "मॅडम, व्हिज्युअल काय मिळतील?" मी म्हटलं, माश्या. "त्या काय करतील?" मी म्हटलं, त्या जे रोज करतात ते.

२१ जाने., बुध.

आले! म्हणजे येतो म्हणाले. पुढच्या गुरुवारी, २९ ला. बाग तोवर फुलायला लागेल. मी नाचले. खरंच, स्वयंपाकघरात. खालच्या बाई विचारत होत्या काय पडलं.

फोनवर सगळं बजावलं: काळे कपडे नकोत, अत्तर-सेंट नको, उन्हं चढायच्या आत या, मी सांगेन तिथंच उभं राहा. "येस मॅडम, येस मॅडम."

मामांना सांगायचं काम अक्कांनी केलं. मामा म्हणाले म्हणे, "टीव्हीवाले? आपल्या बागेत?" आणि न्हाव्याला बोलावणं धाडलं.

आभार: अक्का. मला वाटायचं त्या मामांच्या बाजूच्या. त्या माझ्या बाजूच्याच आहेत, फक्त मामांना कळू न देता.

२८ जाने., बुध.

पैठणला मुक्काम. पेट्या बघून आले. फुलं उमलायला लागलीत, बागेत शिरलं की वासानं पाऊल थांबतं. माश्या अगदी खुशीत. डंख: एक, डावा अंगठा, चूक माझीच.

जाळीच्या टोप्या धुतल्या. माश्यांना धूर देऊन शांत करायचं धुराडं तयार. गोवऱ्या, कडुनिंबाचा पाला.

मामा: "मला बोलायला लावतील का?" म्हटलं, विचारीन. "मी काय बोलायचा नाय," असं म्हणून नवीन टोपी काढून ठेवली.

उद्या नीट होऊ दे, बस्स.

२९ जाने., गुरुवार

आजच लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मंडळी आली दु. दोनला. सकाळची वेळ ठरलेली. गॉगलवाले दिग्दर्शक, एक निवेदिका मुलगी, आणि फिरोजभाई म्हणून कॅमेरामन. भुकेनं तोंडं सुकलेली. मी आधीच बागेत, धुराडं पेटवून. घरी अक्का खिचडी टाकत होत्या.

ते बागेत आले. मी झाकण उघडलं. आधी सगळं छान. निवेदिका गोड बोलत होती. फिरोजभाई तर नमाजाला उभं राहावं तसा शांत. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, जरा उडवा ना त्यांना, फ्रेम मोकळी वाटतीये." म्हटलं, उडवणार नाही, त्या कामात आहेत.

मग निवेदिकेनं चौकटीकडं हात केला, फिरोजभाई कॅमेरा घेऊन जवळ आला, आणि आवाज बदलला. तो ओळखू येतो. कढईत तेल तापतं तसा बारीक होतो. मला कळेना, ढग नाहीत, धक्का नाही, धूर पुरेसा, मग का?

पहिली फिरोजभाईच्या मनगटावर. एक डसली की मग थांबत नाहीत. मी झाकण टाकलं, धूर सोडला, ओरडले, "पळू नका! हळू मागं या!" सगळ्यात आधी दिग्दर्शक पळाले. एक बूट अजून बागेतच आहे. पोरगी झाडांत शिरली, ओढणीत तोंड लपवून. फिरोजभाई मात्र एकेक पाऊल मागं मागं, कॅमेरा खाली टाकला नाही.

आणि बांधावर मामा. काठी टेकून. सगळं बघत.

फिरोजभाईला लांब नेलं, नखानं नांग्या खरवडून काढायला हात जवळ घेतला आणि वास आला.

केळं.

"केळं खाल्लंत?"

"हौ आपा. बाबांनी दिलं ना. खिचडीला टाइम होता. बोले, एकादशी है, भुके पेट नै जाना."

आज एकादशी! मी उपवास करत नाही, माझ्या ध्यानातच नाही. माशी डसते तेव्हा तिच्या नांगीतून अगदी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, त्यावर बाकीच्या धावून येतात. केळं खाऊन पेटीकडं जायचं नाही, हे प्रशिक्षणातलं पहिल्या दिवसाचं. मी काळे कपडे सांगितले, सेंट सांगितला. केळं नाही सांगितलं. आणि मामांनी तर पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून बागेच्या तोंडाशी उभं राहून एकेकाच्या हातात कोंबलं. ह्या घरात पाहुण्याला मोकळ्या हातानं कधी कुणी सोडलंय?

मी फिरोजभाईला म्हटलं, "गप बसा. कुणाला बोलू नका."

तेवढ्यात दिग्दर्शक एका बुटावर उड्या मारत आले. "ताई, एक नंबर झालं! असलं फुटेज मिळत नसतं!" त्यांना धुराडं फेकून मारावं वाटलं. माइक तोंडासमोर. "नेमकं काय चुकलं?"

अक्का, दादा, खुरपणाऱ्या बाया, पाहुणे. आणि मामा. ऐंशीच्या माणसाला चार लोकांत, कॅमेऱ्यापुढं, तुमचंच चुकलं म्हणू?

म्हटलं, "माझंच चुकलं. धूर कमी पडला."

मामा बांधावरून म्हणाले, "बघितलं? म्हनून म्हणत हुतो."

सगळे ऐकत होते. मी खाली बघून धुराडं विझवलं.

आता हे रविवारी टीव्हीत दाखवणार. माझ्याच तोंडानं, माझंच चुकलं. मी स्वतः बोलावून आणलं हे.

आभार: आज कुणाचे? फिरोजभाईचे. हाताचा भोपळा झाला तरी म्हणाला, "आपा, माश्या गुस्सा थे, पण खूबसूरत दिसल्या."

३० जाने., शुक्र.

घरी. हे म्हणाले, "सांगायचं होतंस त्यांना तिथल्या तिथं."

"चार पाहुण्यांत? तुमच्या वडिलांना? तुम्ही सांगितलं असतं?"

हे उठले, चहा करून आणला. साखर जास्त पडली होती. तरी मी प्यायले.

दु. अक्कांचा फोन. मी बसस्टँडला निघाल्यावर टीव्हीवाल्यांची गाडी सुटत होती, ती मामांनी काठी आडवी घालून थांबवली. फिरोजभाईला घरात नेऊन चुना लावला हाताला. मग त्याला एकट्याला घेऊन परत बागेकडं गेले. कॅमेऱ्यासकट.

"काय बोलले?"

"काय ठाव. आम्हाला येऊ दिलं नाय."

काय बोलणार. ह्या डब्यांनी वैताग आणलाय, हेच सांगितलं असणार. टीव्हीवर दोघांची जबानी. सासऱ्याची आणि सुनेची, एकाच बाजूनं.

१ फेब्रु., रवि.

लागला नाही आज. एडिटिंग राहिलंय म्हणे. पुढच्या रविवारी.

मनूचा फोन. "आई, तू टीव्हीत!" तिला सांगितलं नाही काही. तिनंच विचारलं, आभार लिहितेस का. म्हटलं, हो, उधारीवर चाललंय.

३ फेब्रु., मंगळ.

क्रांती चौकात काचेच्या बरण्या घ्यायला गेले. नेहमीचा दुकानदार. बरण्या बांधता बांधता म्हणतो, "ताई, काल टीव्हीत तुम्हीच होतात ना? मधमाश्यांचा थरार! लई पळापळ झाली की राव!"

म्हणजे जाहिरात सुरू केलीय. 'शूटिंगच्या वेळी नेमकं काय घडलं? पाहा रविवारी!' घरी येऊन बघितलं. ढोल. लाल गोल. बाण. मी ओरडतेय, आवाज बंद, त्यामुळं माश्यांना मीच सोडतेय असं वाटतं. कोपऱ्यात फोटो. गांधीलमाशीचा!

बरण्या तशाच पिशवीत ठेवल्या. कशाला काढू.

रडले. मोठ्यांदा. मग डोळे पुसून भाकरी केल्या, कारण ह्यांना भूक लागली होती.

५ फेब्रु., गुरु.

एका मळेवाल्याचा फोन आला, पेट्या विकताय का. कुणी सांगितलं त्याला? म्हटलं, सोमवारी कळवते. 'नाही' म्हणता आलं नाही.

सं. फिरोजभाईचा फोन. हात बरा आहे म्हणाला.

"आपा, टेन्शन नक्को लेव. मेरेकू बोलनेका नै. बाबांनी वचन घेतलंय माझ्याकडून. पण रविवारी बघा. ब्रेकनंतरचं बघा. टीव्ही मध्येच बंद नक्को करू."

"काय आहे ब्रेकनंतर?"

"वचन है आपा."

"अहो, पण तुमच्या साहेबांनी कापलं नाही ना?"

"मैं भांडलो. अब देखो."

काय समजायचं यातून? ज्याला माझ्या पेटीपाशी एवढे डंख बसले तो माणूस माझ्यासाठी भांडतोय. त्याचा माझा काय संबंध. काही लोक उगाचच चांगले असतात. बाकी काही झालं तरी हे लिहून ठेवते.

८ फेब्रु., रविवार

पैठण. सगळे टीव्हीसमोर. मामा पलंगावर, नवीन टोपी घालून, म्हणजे टीव्हीतून ते लोक ह्यांना बघणार असल्यासारखे. अक्का दाराशी. मी भिंतीला टेकून, ह्यांच्या मागं. दिसू नये म्हणून.

सुरुवात तीच. थरार. कुणीतरी मोबाइलवर काढलेला दिग्दर्शकांचा पळतानाचा सीनसुद्धा, बूट सुटताना स्लो मोशनमध्ये. त्यांनी तो ठेवला याचं आश्चर्य. मग मी. "माझंच चुकलं. धूर कमी पडला." तोंड इतकं पडलेलं की अक्का म्हणाल्या, "अगं बाई."

ब्रेक. सोन्याचा चमचा. मधाची धार. मी उठले, पाणी आणते म्हणून. ह्यांनी हात धरून खाली बसवलं. प्रशिक्षणाला नेलं होतं त्यानंतर दुसऱ्यांदा धरला हात असा.

"अक्के, आवाज वाढव," मामा म्हणाले.

ब्रेकनंतर बाग. उन्हं उतरलेली. आणि मामा. बांधावर नाही, बागेत. पेट्यांच्या मधोमध! दोन वर्षांत जे बांधाच्या आत आले नाहीत ते, दोन्ही हात काठीवर, आणि आजूबाजूला माझ्या माश्या घरी परतताहेत, अगदी टोपीवरून, आपापल्या पेटीकडं.

बोलले ते आठवेल तसं लिहिते:

"ह्या पोरानं मला सांगितलं नाय, मीच त्याच्याकडनं काढून घेतलं. केळ्याच्या वासानं माशी चवताळती. केळं मी चारलं. पाव्हणा उपाशी जाऊ नाय म्हनून चारलं. माशीची काय बी चुकी नाय. सूनबाईची नाय. तिला समदं कळलं हुतं, तरी चार माणसांत तिनं माझं नाव घेतलं नाय. सोतावर घेतलं. आन मी बांधावरनं तिलाच बोललो."

एक माशी बाहीवर बसली होती, तिच्याकडं बघत होते. झटकली नाही.

"धूर कमी पडला नव्हता. एवढं दाखवा टीव्हीत. न्हायतर लोक खोटंच खरं धरून बसतील."

मागं ढोल नव्हता. फिरोजभाईनं नुसता माश्यांचा आवाज ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीतून खरा आवाज ऐकला मी त्यांचा.

मी तोंडाला पदर लावून रडत होते. अक्कासुद्धा. हे खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे तेही. आणि मामा? मामा टीव्हीतल्या मामांकडं बघत होते, अगदी लक्ष देऊन, जसं पावसाचा अंदाज सांगणाऱ्याकडं बघतात. मान हलवली.

"बरोबर बोलतंय म्हातारं," म्हणाले.

दादांना हसू आवरेना. मी विचारलं नाही, काय मामा, टीव्हीत दाखवलं म्हणजे खोटं आहे का. ओठावर आलं होतं. गिळलं.

निघताना पाया पडले. डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ. पेट्यांबद्दल एक अक्षर नाही. हो नाही, नाही नाही. शिवरात पुढच्या रविवारी.

आभार: आज लिहायला बसले तर वही पुरायची नाही. हे. अक्का. फिरोजभाई. त्या बूट सुटलेल्या दिग्दर्शकाचेसुद्धा, कापलं नाही त्यानं. आणि मामा. मामा, तुमचे आभार. तोंडावर कधी म्हणता येणार नाही, म्हणून इथं.

९ फेब्रु., सोमवार

मळेवाल्याचा फोन आला, काय ठरलं पेट्यांचं. म्हटलं, अजून काही ठरलं नाही. बरण्या मात्र पिशवीतून काढून धुतल्या.

सकाळीच आणखी एक फोन आला होता, त्याच्याही आधी. मामा स्वतः. मामा कधी फोन लावत नाहीत, अक्का लावून देतात. मागं टीव्हीचा आवाज नव्हता, पाखरं ओरडत होती.

"सूनबाई, केळं चालत नाय, ते कळलं. पेरू चालतो का?"

"चालतो की मामा. पण कशाला?"

"न्हाय, खाल्लाय आत्ताच. म्हनलं, जायच्या आधी इचारावं."

"कुठं चाललात?"

फोन ठेवून दिला.